मनगटाचा चाप

ह्यूस्टन, १२ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप बाबांस यशवंताचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितो. आपल्या होडीवर गुंडाळतो तसा मी जहाजाचा दोर हाताला गुंडाळला. दोर ओढणारं यंत्र थांबलं नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

जखम भरली आहे. हाताला जोर यावा म्हणून इस्पितळात धनुष्य ओढायला देतात. त्याच्या टोकांना चाकं असतात. दोरी बोटांनी नाही, चापाने धरायची, म्हणजे खटका दाबला की सुटणाऱ्या चिमट्याने. एक चाप मुठीत धरायचा असतो, दुसरा पट्ट्याने मनगटाला बांधायचा. शिकवणारी बाई म्हणाली, "कुठला ते तू ठरव." आठवडाभर मी मुठीतलाच मागत होतो. तो दर वेळी निसटायचा. "हट्टी आहेस हं!" बाई म्हणायची.

काल मनगटाचा बांधून घेतला. बाण नेमका लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वल्हं असं बांधून मारता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आईचा खोकला कसा आहे? बोटांचं तिला मी आल्यावर सांगेन. डिसेंबरात घरी पाठवणार आहेत.

माझ्यासाठी नव्या होडीचं लाकूड सांगितलं असलंत, तर ते थांबवा.

तुमचा,
यशवंत