दाढीसकट खातं

पनवेल,
गुरुवार, ९ जानेवारी २०१४

सकाळी बँकेतून पासबुक आणलं. दुपारी ते गॅस एजन्सीत दाखवलं आणि सिलिंडर रिक्षात घालून घरी आणला. संध्याकाळी भात केला, जेवलो.

प्रिय बेंजामिन,

शालोम. तुझे गुडघे आता कसे आहेत? अयालावहिनींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेले खजूर पोचले (निम्मे काशिरामच्या घरी गेले, का ते पुढे येईलच).

वरच्या ओळींत तुला काही विशेष दिसणार नाही. पण आई गेल्यावर मी इथेच राहतो म्हटलं, तेव्हा तू फोनवर हसला होतास. परदेशात राहणं सोपं नसतं, थंडी सरायच्या आत घराला कुलूप लावून अश्दोदला परत येशील, असं म्हणाला होतास. तर थंडी अजून आहे, आणि मी आईच्या ओट्यावर माझ्या नावाच्या गॅसवर भात शिजवला आहे. तुझं एक मात्र खरं निघालं. ज्या गावातल्या तळ्याला आपल्या ज्यू लोकांचं नाव आहे, त्या गावात मी कागदोपत्री परदेशीच आहे.

गॅसवाले म्हणाले, आधी बँकेचं पासबुक आणा. बँकवाले म्हणाले, पत्त्यासाठी गॅसची पावती आणा. विजेचं बिल अजून आईच्या नावावर येतं. ते दाखवलं तर काउंटरवरचा परेश म्हणाला की मग जोकबेदबाईंनाच घेऊन या. (चूक त्याच्या लक्षात आली तेव्हा बिचाऱ्यानं मला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला.) पत्त्याचं शेवटी नगरपालिकेच्या दाखल्यावर निभावलं. खरं अडलं ते तोंडावर. पासपोर्टातला मी गुळगुळीत आहे आणि आता तोंडभर दाढी आहे. विनिता मॅडम, म्हणजे तिथल्या अधिकारी, पासपोर्ट माझ्या कानाशी धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पासपोर्टातला माणूस घेऊन या.

मी सांगितलं की आई गेली म्हणून दाढी ठेवली आहे. तिथे सगळंच बिघडलं. त्यांच्यात आई गेली की डोकं-मिशी उतरवतात, त्यामुळे दुःखात दाढी वाढवणारा माणूस त्यांना साफ खोटारडा वाटला. मग मला (तुला माहीतच आहे, मी किती बोलतो ते) भर बँकेत आपला नियम समजावून सांगावा लागला. आईवडील गेल्यावर महिनाभर वस्तरा लावायचा नाही, आणि नंतरही मित्र रागावून आता पुरे म्हणेपर्यंत दाढी काढायची नाही. परेश लगेच म्हणाला, साहेब, मी रागावतो की. मी म्हटलं, काउंटरवरचं रागावणं धरत नाहीत, नाहीतर मी पहिल्याच दिवशी गुळगुळीत झालो असतो.

मग मी शेजारच्या काशिरामला ओळख पटवायला नेलं. तो बेलपाड्याचा, बंदरातून निवृत्त झालेला, आणि त्याचं पेन्शन त्याच बँकेत येतं. मॅडमनी त्यालाही तेच ऐकवलं, फोटो आणि चेहरा एक हवा. काशिरामनं खिशातून स्वतःचं पासबुक काढलं आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवलं.

"मॅडम, ह्यो माझा फोटू बगा. बा वारला त्या वक्ताचा हाय. डोक्याव केस नाय, मिशी नाय. इतकी वर्सं याच फोटूवर तुमी मला पेन्शन देता. मी तुमाला चालतो, आनि ह्यो नाय?"

फोटोत हंड्यासारखं डोकं होतं, समोर पिळदार मिशा. मॅडम फोटोकडे बघत राहिल्या, मग काशिरामकडे, मग हसू आवरेना म्हणून खिडकीकडे. रांगेतली माणसं आपापली पासबुकं काढून एकमेकांचे फोटो बघू लागली. मॅडमनी सही केली. बेंजामिन, खातं उघडलं, आणि दाढीसकट उघडलं. परत येताना काशिराम रस्त्याच्या मधून चालत होता.

तुझा,
रूबेन

ता. क. बँकेत आता माझा दाढीचा फोटो लागला आहे. दाढी काढली की मॅडम पुन्हा ओळखणार नाहीत, असं परेश म्हणतो.

ता. क. २. मुख्य काम लिहायचं राहिलं. महिना कधीच उलटला. काशिराम रागावत नाही, त्याला दाढी शोभते असं वाटतं. पूर्वी दोन दिवस दाढी केली नाही तरी आई आरसा पुढे करायची. आता मला तसं बोलू शकेल असा मित्र तूच उरला आहेस. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्रातच रागाव. चांगलं कडक लिही. घाई नाही. दाढीसाठी म्हणून पाणी ठेवलं होतं, ते उकळायला लागलं आहे. त्याचाच चहा करतो.