दोन ग्लास कडू सरबत

प्रिय ताई,

नाही म्हणजे नाही. तू सलग तिसऱ्या पत्रात तेच लिहिलंस म्हणून ते खरं होत नाही. बाबा माझं सरबत प्यायले नाहीत. त्यांनी ते दारातल्या कुंडीत ओतलं, आणि माझ्याकडे पुरावा आहे: त्या कुंडीतलं झाड पंधरा दिवसांत वाळलं, हे आईनेच फोनवर सांगितलं. तू म्हणतेस, झाडाला पाणी घालणारा पळून गेला म्हणून ते वाळलं. मी पळालो नाही. दिवसाउजेडी, पिशवी खांद्याला लावून, पुढच्या दाराने गेलो. कुणी अडवलंच नाही, त्याला मी काय करू? हे फोनवर बोलता येत नाही, कारण आईच्या शेजारी बाबा बसलेले असतात आणि न ऐकल्याचं सोंग करून सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस. सातवीत शाळा सोडली तेव्हा ते जसं होतं तसंच आहे.

आणि चूक माझी एकट्याची होती का गं? दरवर्षी उन्हाळ्यात बाबांच्या सुतारशाळेच्या अंगणात सगळे कामगार आणि अख्खी गल्ली जमते, तेव्हा सरबत आई करते. गेल्या वर्षी तिचा हात प्लास्टरमध्ये. तू म्हणालीस, कर तू, त्यात काय एवढं, लिंबूसरबत तर आहे. साठ लिंबं! एकेक पिळत बसलो असतो तर दुपार काय, दिवाळी उजाडली असती, आणि दिवाळं निघालं असतं माझ्या मनगटांचं. म्हणून लढवली अक्कल: चार चार फोडी, सालीसकट, बियांसकट, सरळ मिक्सरमध्ये. वरून कलिंगड, द्राक्षं, संत्री. सकाळी नऊला तयार! रंग असा सुंदर आला होता की मी स्वतःवरच खूश. ते दुपारी चारपर्यंत मुरत राहिलं आणि पहिल्याच घोटाला सगळ्या अंगणाची तोंडं एकदम वाकडी झाली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला लिंबू धड पिळता येत नाही, त्याच्या हातात रंधा काय द्यायचा!" सगळे हसले. तूही हसलीस, मी पाहिलं. आठ दिवसांनी मी निघालो.

आता ऐक. इथे मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आहे. वर्षातलं तिसरं काम, माहीत आहे, पायाला भिंगरी आहे माझ्या, पण इथे पाच महिने टिकलोय. आत एवढी वाफ की चादर आणि माणूस एकाच वेळी शिजतात. म्हणून दर शनिवारी दुपारी आम्ही सगळे मिळून सरबत करतो. ज्याला जे फळ स्वस्त मिळेल ते त्याने आणायचं. आमचे इस्त्रीवाले काका त्याचे मुख्य. माणूस चादरीची घडी घालतो तशीच लिंबं हाताळतो. आधी टेबलावर तळव्याखाली लिंबू लोळवायचं, मऊ होईपर्यंत. मग कापून गाळणीवर अलगद पिळायचं. "बी फुटली की सरबत फुटलं," हे त्यांचं वाक्य. साल घालायचीच तर फक्त वरची पिवळी किसायची, खालच्या पांढऱ्याला हात लावायचा नाही. साखर गरम पाण्यात विरघळवून गार करायची, नाहीतर ती तळाशी बसून राहते. फळांचा गर गाळून, चिमूटभर मीठ, पुदिना चुरगळून, आणि बर्फ अगदी शेवटी, ग्लासातच. ताई, आता काका लिंबं मला देतात आणि स्वतः खुर्चीत बसतात. सरबताची बादली माझी. परवा मालकीणबाईंनी तिसरा ग्लास मागितला. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

पण तुझ्या त्या वाक्याने डोकं खाल्लं होतं. सगळे गेल्यावर बाबा अंगणात एकटेच बसले, पातेल्यातून घेतलं आणि दोन ग्लास प्यायले, तू म्हणे खिडकीतून पाहिलंस. मला वाटायचं, मला घरी आणायला रचतेस. बाबा! तापाची गोळी घेतली तर मागून मोठा चमचाभर साखर खाणारे बाबा! तेव्हा म्हटलं, एकदा बघूच. गेल्या शनिवारी दोन लिंबं मुद्दाम तशीच वाटली, सालीसकट, बियांसकट, आणि सकाळी नऊ ते चार झाकून ठेवली. काकांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "कुणावर डूख धरलायस, लेका?" मी हट्टाने घेत राहिलो. चौथ्या घोटाला डोळ्यांत पाणी. पाचवा घशाखाली उतरेना. धावत जाऊन साखरेच्या डब्यात हात घातला, मूठभर साखर तोंडात कोंबली, आणि तसाच उभा राहिलो.

कारण ताई, हे मी आधी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी रुसून माळ्यावर बसलो होतो, तिथून स्वयंपाकघर दिसतं. बाबा आत आले, साखरेचा डबा काढला आणि उभ्या उभ्या चमचे भरून साखर खाल्ली. एक नाही, तीन. ताप नव्हता, गोळी नव्हती. मी तेव्हा मनात म्हटलं, बघा, हे एवढे गोडघाशे आणि माझ्या सरबताला नावं ठेवतात.

तेव्हा तू जिंकलीस. कुंडीवरचा आरोप मागे. या वर्षीचं सरबत मी करणार, साठच्या साठ लिंबं हाताने पिळून, पण बाबांना आधी सांगायचं नाही. त्यांना वाटू दे आईने केलंय. दोन ग्लास पिऊ दे, मग मी दाराआडून येतो. रंध्याचं पुढचं पुढे बघू. तू कलिंगड आणि द्राक्षं आदल्या दिवशी आण, लिंबं पातळ सालीची बघून घे, आणि आईला सांग, या महिन्याचे पैसे कमी का म्हणून काळजी करू नकोस. दर वेळी तीन हजार पाठवतो, त्यातले एकोणीसशे येण्याच्या तिकिटाला गेले. सोबत पाठवतोय अकराशे.

तुझाच,
कडूशेठ