सांता एदुविहेसचा लांब भोंगा

इकीके, २१ नोव्हेंबर २००३

प्रिय एर्मिनियाताई,

तुझ्या गालाला गाल लावून धाकट्या ओतिलियाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? वाल्दिव्हियाचा पाऊस थांबला, की तुमच्याकडे तो थांबतच नाही? माझा रक्तदाब वाढला आहे असं डॉक्टर म्हणतात. (डॉक्टरांना पाहिलं की तो वाढतो हे त्यांना कोण सांगणार!) बाकी देवाच्या कृपेने दात सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की सांता एदुविहेसला जाऊ नकोस, ऊन बाधेल. तुझं न ऐकता गेले. आपण त्या वाळवंटात जन्मलो, ताई. ऊन बाधायचं असतं तर बारशालाच बाधलं असतं. सोऱ्याची कंपनी बंद पडून चाळीसेक वर्षं झाली, आता सगळ्या वसाहतीचंच संग्रहालय केलं आहे, आणि दर नोव्हेंबरात आम्हां जुन्या रहिवाशांना बोलावतात. माझं तिथे एकच काम होतं. कामावर मेलेल्यांच्या नावांची पाटी चौकात लावली आहे, तिच्यावर एक्केचाळीस नावं आहेत आणि आपल्या बाबांचं नाव नाही. ते तिथे लावून घ्यायचं, एवढ्यासाठी मी ही हाडं बसमध्ये घातली.

सोबत पत्र्याची माळ नेली होती, आई करायची तशीच, दुधाचे डबे कापून. (वाळवंटात फुलं येत नाहीत म्हणून आपले मेलेले पत्र्याच्या फुलांवर समाधान मानतात, हे तू पावसाच्या गावात राहून विसरली असशील.) ती मांडीवर घेऊन बसले, आणि वळण आलं की शेजारच्या गृहस्थांना टोचायची. तिसऱ्या वळणाला त्यांनी विचारलं, "बाई, थडगं अजून किती लांब आहे?" मी म्हटलं, "थडगंच नाही हो, तीच तर अडचण आहे." त्यावर ते उठले आणि उरलेला रस्ता उभ्याने आले.

आपल्या घराला आता दोरी बांधली आहे आणि दारावर पाटी आहे: "अविवाहित कामगाराची खोली." त्या अविवाहित कामगाराला एक बायको, एक सासू आणि पाच पोरं होती की गं! (त्यांतल्या आपण दोघीच उरलो.) आत एक खाट, एक कंदील आणि आपल्याकडे कधीच नसलेला आरसा. शेजारची सेल्मिरा माझ्याबरोबर होती. तीच ती, पावाच्या भट्टीवर कामाला असायची, आता ब्याऐंशीची आहे. पाय दुखतात म्हणून ती दोरीखालून वाकून आत गेली, खाटेवर आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका आला. पुतळा किती हुबेहूब केलाय म्हणून त्यांनी चार-पाच फोटो काढले. सेल्मिराने एक डोळा उघडून सांगितलं, "काढायचेच असतील तर आधी केस विंचरू द्या." एक बाई किंचाळत चौकापर्यंत गेली. मी खूप हसले. मग भिंतीवर आईच्या चुलीचा काळा डाग दिसला, आणि तो मात्र कुणी बनवलेला नव्हता.

दुपारी चौकात भाषणं होती. नगराध्यक्ष बोलत होते. पहिल्या रांगेत आम्ही तीसेक म्हाताऱ्या, मांडीवर खिमा भरलेले एंपानादे, अर्धी झोपेत. वाटाड्या मुलगी यास्ना, वीस-एकवीसची, स्वभावाने लोण्यासारखी. तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की भाषणाच्या शेवटी भोंगा वाजव, वातावरण तयार होईल. तिने वाजवला. पण पाळी बदलताना दोन आखूड वाजायचे हे त्या पोरीला कोण सांगणार? तिने बटण दाबलं ते दाबूनच धरलं. लांब, न तुटणारा, टाकीत माणूस पडला की वाजायचा तो. ताई, तो कसा अंगावर येतो ते तुला सांगायला नको.

आम्ही सगळ्या उठलो. कुणी ठरवलं नाही. काठ्या, पर्सा, एंपानादे तिथेच टाकून तीस म्हाताऱ्या टाक्यांच्या दिशेने पळत सुटल्या. एकीची चप्पल नगराध्यक्षांच्या पायाशी राहिली. ते बिचारे माईकवरून सांगत होते, "भगिनींनो, जेवण दुसऱ्या बाजूला आहे!" माझा तो डॉक्टरांचा रक्तदाब कुठे गेला कुणास ठाऊक, मी सगळ्यांत पुढे होते. टाक्यांपाशी पोचलो, धापा टाकत एकमेकींकडे पाहिलं, आणि सेल्मिराने विचारलं, जसं तेव्हा विचारायचे अगदी तसं, "कुणाचा गं?"

मग मी म्हटलं, "आमचा."

छप्पन्न वर्षांत हे मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. बाबा टाकीत पडले हे आईने मरताना माझ्या कानात सांगितलं होतं, तेसुद्धा दार लावून. यास्ना धावत आली आणि रडायला लागली, "आजी, मी फक्त बटण दाबलं हो!" तिला जवळ घेतलं. सेल्मिरा तिला म्हणाली, "रडू नकोस पोरी, आम्हाला एवढं कुणी पळवलंच नव्हतं कित्येक वर्षांत." आणि मग ती स्वतःच रडायला लागली.

टाक्यांवर जाळ्या आहेत, ताई. जाड, लोखंडी, नव्या रंगवलेल्या. उकळत्या सोऱ्यात माणूस पडू नये म्हणून जाळ्या बसवा, असा अर्ज बाबांनी खोलीखोलीतून फिरवला होता. मग ते स्वतःच पडले. एकोणीस दिवस संप झाला आणि जाळ्यांच्या जागी शिपाई आले. आता टाक्या कोरड्या ठणठणीत आहेत, आणि जाळ्या "पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी" बसवल्या आहेत. मला इतका संताप आला की मी जाळीला एक लाथ मारली. अंगठा अजून सुजलेला आहे.

डोळे पुसून यास्ना मला कचेरीत घेऊन गेली. काचेच्या पेटीतून कंपनीची कामगारांची वही काढली. बाबांच्या नावापुढे लिहिलं आहे: "स्वखुशीने काम सोडून रेल्वेने दक्षिणेला गेला." म्हणजे टाकीत कुणी पडलंच नाही, आणि संप कशासाठी झाला कुणास ठाऊक! यास्ना म्हणाली, "आजी, वहीत असं असेल तर मला नाव चढवू देणार नाहीत. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचं लेखी हवं." सेल्मिरा लगेच पेन शोधायला लागली, "आण, मी लिहून देते." मी म्हटलं, "तू भट्टीवर होतीस, तू काय पाहिलंस?" तर म्हणते, "नाही पाहिलं, पण पाहिल्यासारखं लिहीन. देवाला मी नंतर समजावते." मी नको म्हटलं. त्या पानावर आधीच एक खोटं आहे.

संध्याकाळच्या बसने परत आले. एकंदरीत सहल छान झाली. तू आली नाहीस तेच बरं, दगदग सोसली नसती. तब्येतीला जप.

तुझी,
ओतिलिया

ता. क. माळ मी टाकीच्या जाळीला बांधली. यास्नाने कालच फोन करून सांगितलं की माळेवर क्रमांक टाकला आहे आणि "हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे. बाबांना निदान काहीतरी क्रमांक मिळाला.

ता. क. दुसरा. सेल्मिराला तुझ्याकडचे लोकरी मोजे हवे आहेत. वाळवंटात मोजे कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, तुला काय करायचंय.

ता. क. तिसरा. ताई, हे लिहू की नको म्हणून तीन दिवस पत्र उशीखाली ठेवलं होतं. वहीतल्या त्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे: "मुलीने त्यास गाडीत बसताना पाहिले." आणि खाली सही. शाळेत गिरवल्यासारखं अक्षर, शेवटी शाईचा डाग. यास्नाने विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, अक्षर ओळखीचं वाटत नाही.

रोज दुपारी बाबांचा डबा घेऊन टाक्यांवर तूच जायचीस. त्या दिवशी तो तसाच भरलेला परत आणलास. रात्री आईने तोच आम्हां लहानांना वाढला, आणि तू जेवली नाहीस. मी सहा वर्षांची. मला वाटलं तू रुसलीस, म्हणून तुझा वाटा मीच खाल्ला. कंपनीच्या लोकांनी आईला काय सांगितलं असेल ते आता कळतं: नवरा पळून गेला असं पोरीकडून लिहून दे आणि घरात राहा, नाहीतर उद्या सामान उचल. तू बारा वर्षांची होतीस. आम्हां सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर राहिलं ते तुझ्या त्या सहीमुळे. मी रागावलेली नाही. वाल्दिव्हियाइतक्या लांब तू का गेलीस ते मात्र मला इतक्या वर्षांनी समजलं, आणि फार वाईट वाटलं.

तू जे पाहिलंस ते लिहून पाठव. चार ओळी पुरेत. भिऊ नकोस गं. त्या घरातून आपल्याला बाहेर काढणारं आता कुणी उरलेलं नाही.