लॉकनट, पूल आणि सासऱ्यांचं जाळं

३ फेब्रुवारी
हायवेच्या नव्या पुलावरचे सगळे दिवे उभे. एकहाती. (म्हणजे वायरमन सुदेश आणि क्रेनवाला होते.) कठड्यात बोल्ट आधीच ओतलेले, खांबाची प्लेट त्यावर बसवायची, नट आवळायचे, झालं. कंपनीने दर बोल्टला दोन-दोन नट पाठवलेत. उधळपट्टी! हाताला जोर असला की एक पुरतो. उरलेले गोणीत भरून घरी आणले.

५ फेब्रुवारी
सासुरवाडी, वालावल. सासरे गंगारामअण्णा खाडीत टाकायला नवं जाळं विणत होते. कडेला लावायला शिशाची वजनं मिळेनात. मी गोणीच पुढे ठेवली. नटांना जस्ताचा मुलामा, खाऱ्या पाण्यात गंजणार नाहीत. अण्णा म्हणाले, जावय असो होयो! विनीता माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतर इतकं कौतुक पहिल्यांदाच.

९ फेब्रुवारी
कंपनीच्या प्रीतम साहेबांचा फोन. लॉकनट घातलेत ना? ट्रेलर गेला की पूल थरथरतो, एकटा नट हळूहळू सुटत जातो, वरचा दुसरा त्याला धरून ठेवतो, वगैरे. म्हटलं, हो सर, म्हणजे काय! तोंडातून निघून गेलं. पण खोटं नव्हे. घालणार आहेच, म्हणजे घातल्यासारखेच. उद्या पहिलं काम वालावल.

१० फेब्रुवारी
गेलो नाही. अंग कसकसतंय.

१२ फेब्रुवारी
गेलो. अण्णांनी आधी जाळंच दाखवलं. कडेला माझे नट ओळीने. म्हणाले, तुमच्या नटांनी जाळां कसा सरळ तळाक बसता! मी तोंड उघडलं, तेवढ्यात काळुंदर माशाचं झणझणीत तिखलं वाढलं. जेवल्या घरी वस्तू परत मागणं बरं दिसत नाही.  तिखलं दोनदा घेतलं.

१३ फेब्रुवारी
विनीता शाळेत शिकवायला कुडाळला जाते, स्कूटीवरून, त्याच पुलावरून. आज तिला सुचवलं, जुन्या रस्त्याने जा, पुलावर वारा फार. हसली. म्हणाली, तुमी लावलेल्या दिव्यांखालसून जातंय, वारो काय करतलो?
ती परत येईपर्यंत फाटकाशी उभा होतो. झाडांना पाणी घालत होतो, असं तिला सांगितलं.

१७ फेब्रुवारी
पुलावर जाऊन आलो. ट्रेलर गेला, खांब डोलला. वाऱ्याने असेल. मग एक नट बोटांनी फिरला. नुसत्या बोटांनी! पाना आणून सगळे पुन्हा आवळले. आता आठवडाभर चिंता नाही. परतताना मागून ट्रेलर आला. मान वळवून बघायची हिंमत झाली नाही. मी वाईट माणूस आहे. उद्या वालावल, नक्की.

१८ फेब्रुवारी
गेलो. अण्णांना म्हटलं, कंपनीने नट तपासणीसाठी परत मागवलेत. अण्णांनी विचारलं, कसले नट हे? मी पुलाचे म्हटलं.  अण्णांनी कोयती घेतली आणि नवं जाळं कडेने कापत गेले. एवढंच म्हणाले, माझां चेडू त्याच पुलावरसून जाता, जावयबापू. आधी सांगूचा होता.
माझ्यासोबत आलेली विनीता दारात उभी होती. कधीपासून, कळलं नाही.

२० फेब्रुवारी
सुदेशला घेऊन एकूण एक लॉकनट बसवला. हातांना मासळीचा वास. सुदेशने कारण विचारलं, मी ऐकलं नाही असं केलं. साहेबांना कळवायची गरज वाटत नाही. तेव्हा हो म्हटलं होतं, ते आज खरं झालं. घरी येऊन विनीताला सांगितलं, आता भूकंप आला तरी खांब हलणार नाही. ती म्हणाली, बरां.

२१ फेब्रुवारी, सकाळ
विनीता निघाली. मी फाटकाशी उभा राहिलो, यावेळी अभिमानाने. फाट्यापर्यंत गेली, थांबली, आणि जुन्या रस्त्याला वळली. मी वाऱ्याचं सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात राहिलं असेल.
आज पानही हलत नाहीये.