चिंगीच्या वजनाचे तांदूळ

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठमे,

अक्षर पाहून घाबरू नकोस. ओळी उतारावरून निघाल्यासारख्या का जातायत, ते शेवटी सांगते. आधीच पान उलटून बघू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझे गुडघे काय म्हणतायत? इकडे सगळे मजेत. नातीला, म्हणजे आमच्या चिंगीला, खाली दोन दात आलेत आणि ते दाखवायला ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हसते.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की प्लॅस्टर निघालं, हात झकास आहे. त्यातलं प्लॅस्टर निघालं एवढंच खरं. आतून निघालेला डावा हात नुसती काडी होता. तरी माझी हौस केवढी! त्याच संध्याकाळी चिंगीला उचललं. आणि ठमे, हात सुटला. सूनबाई शेजारीच होती, तिनं वरच्यावर झेललं. पोरीला ओरखडाही नाही. पण तेव्हापासून मी हात पुढे केले की सूनबाई गोड आवाजात म्हणायची, ‘असू दे आई, मी घेते.’ ओरडली असती तर परवडलं असतं. त्यात तिची रजा संपत आलेली, आणि चिंगीला सांभाळायला बाई शोधायचं बोलणं माझ्या कानावर पडलं. घरात आजी असताना बाई!

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंना विचारलं, या वयात हा हात भरून येणार का? म्हणाल्या, “स्नायूला तुमचं वय कोण सांगतंय आजी? काम सांगा, करेल.” दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून त्यांनी दाखवलं: स्नायूत असेच बारीक तंतू असतात, ते एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो आणि हात वर येतो. काम नसलं की शरीर त्यांना फुकट पोसत नाही. काम मिळालं की पुन्हा जाड करतं. मात्र ओझं बेताबेतानं वाढवायचं, मधे विश्रांती घ्यायची आणि दूध-अंडी पोटभर.

मी घरी येऊन उशीच्या अभ्र्यात थोडे तांदूळ भरले आणि वर चिंगीचं जुनं टोपडं बांधलं. दुपारी दार लावून ते उचलायचं, सावकाश खाली ठेवायचं. ठेवतानाच खरी परीक्षा! दुसऱ्या दिवशी दंड असा ठणकायचा की वेणी घालवेना. गंमत म्हणजे हात काडीच दिसत होता, तरी ताकद आली. बाई म्हणाल्या, आधी मेंदू झोपलेल्या तंतूंना हाका मारायला शिकतो, जाडी मागून येते.

पण माझी गाठ चिंगीशी होती! मी तिच्या वजनाला पोचावं, तर डॉक्टरांच्या काट्यावर ती पुढे गेलेली. ती दूध पिऊन वाढायची, मी मागून वाटी-वाटी तांदूळ घालायची. घरातला तांदूळ जातो कुठे, कुणाला कळेना. एकदा लेकानं मला उशीला थोपटताना पकडलं.

“आई, बरी आहेस ना?”

“तुलाही असंच वाढवलंय,” म्हटलं.

मघाशी सूनबाई कपाट आवरत होती. तिनं ते गाठोडं उचलायला घेतलं आणि ‘अगं बाई!’ करून खालीच ठेवलं. मला सगळं सांगावं लागलं.

“पण आई, हे चिंगीपेक्षा जड आहे!”

“चिंगी पुढच्या महिन्यात एवढी होईल. मी आधीच तिथे जाऊन बसलेय.”

मग ते डाव्या हातानं उचललं, कडेवर घेतलं आणि घरभर फिरून दाखवलं. सूनबाई हसता हसता रडायलाच लागली. जाऊन चिंगीला घेऊन आली आणि माझ्या डाव्या हातावर दिली. त्याच हातावर! मग टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि ठमे, मी जिंकले.

गेली त्याला बराच वेळ झाला. कितीतरी दिवसांनी निवांत डोकं धुतेय, बेसूर गातेय. मधेच ओरडून म्हणाली, “आई, बाई नको हं शोधायला!”

चिंगी माझ्या दंडावर झोपलीये, बाही लाळेनं भिजलीये. कागद दाबून धरायला हात मोकळा नाही, म्हणून अक्षर असं. आणि आज मला ते सुधारायचंही नाही.

भरल्या हातांची,
तुझी ताई