काळ्या कुंकवाची नवरी

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी (हस्तकला),
जिल्हा कारागीर नोंदणी कार्यालय,
जबलपूर.

विषय: श्रीमती शकुंतला नथ्थू बोरकुटे, राहणार गढा, यांचे भरतकाम कारागीर ओळखपत्र रद्द करणे, तसेच एक भरतकामाचा पट दि. २२ नोव्हेंबरच्या आत ताब्यात घेणे.

संदर्भ: आपल्या कार्यालयाच्या खिडकी क्र. २ वर मिळालेला तोंडी सल्ला, "लिखके दे दीजिए, दीदी."

महोदय,

खाली सही करणारी मी, नेपियर टाउनातील महिला कशिदा मंडळाची गेली सतरा वर्षे अध्यक्ष आहे. आपण मूळचे वर्ध्याचे असल्याचे कळल्यामुळे अर्ज मराठीत करीत आहे. हिंदी प्रत सोबत आहेच. परंतु हिंदीत तक्रार केली की ती आपोआप थोडी गोड होते, आणि ही तक्रार मला गोड करायची नाही.

१. शकुंतला ऊर्फ शकु बोरकुटे ही रांझीच्या कारखान्यातील एका दिवंगत कामगाराची पत्नी. आमच्या मंडळात ती शिकवायला येते. गाठ न मारता, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे भरतकाम तिला येते, हे मी नाकारत नाही. खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही. यंदा ज्येष्ठ कारागिराच्या सन्मानासाठी जबलपुरातून एकच नाव पुढे जायचे आहे आणि ते तिचे जाणार, असे आपल्याच कार्यालयाच्या फलकावर वाचले. माझे नाव दुसरे आहे.

२. सहा वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्या टेबलक्लॉथच्या पाठीवरून हात फिरवून शकु सर्वांदेखत म्हणाली, "ताई, समोरून बाग आहे, पण मागून जंगल होऊन राहिलं." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी ते मुळीच मनावर घेतलेले नाही. तारीख १५ जानेवारी होती व वेळ सायंकाळी साडेपाचची.

३. आता मूळ मुद्दा. शकुला दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढेच कळते. तरी तिचे काम चालते कसे? तर माझी स्वतःची मुलगी मैत्रेयी (वय २७, कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते) रोज सकाळी स्कूटरने गढ्याला जाऊन तिच्या सुया ओवून देते. सुयांच्या उशीवर घड्याळाप्रमाणे जागा ठरलेल्या असतात. बाराच्या जागी लाल, तीनच्या जागी हिरवा, सहाच्या जागी काळा, नऊच्या जागी जांभळा. शकु बोटांनी चाचपून सुई उचलते आणि रेघ चुकत नाही. माझ्या घरात चहाचा कप जागचा न हलवणारी मुलगी परक्या बाईच्या सुया ओवायला पहाटे उठते, हे मला दोन वर्षे माहीत नव्हते. जिला सुई ओवता येत नाही ती कारागीर कशी, हा प्रश्न मी नियमांच्या आधारेच विचारत आहे.

४. नुसत्या बोलण्यावर कार्यालय कारवाई करत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून मी पुरावा तयार केला. मैत्रेयीचे लग्न दि. २३ नोव्हेंबरला आहे. तिच्या रुखवतासाठी शकु स्वखुशीने एक पट भरत होती. त्यात तुळशीवृंदावन, दोन राघू आणि मधोमध नवरी आहे. गुरुवार दि. ९ ऑक्टोबर रोजी मंडळात ती शेवटचा भाग भरायला बसली. नवरी आणि एक राघू तेवढा राहिला होता. मैत्रेयी क्लासवर होती. मधल्या चहाला शकु हात धुवायला उठली, तेवढ्यात मी उशीवरच्या सुयांची अदलाबदल केली. लालच्या जागी काळा, काळ्याच्या जागी लाल, आणि हिरव्या-जांभळ्याचेही तसेच. खजिनदार अमिता भुसारी यांनी मोबाईलवर चित्रण केले.

५. शकु चहा पिऊन, चिवड्याला छान म्हणून, पुन्हा कामाला बसली. तीन तास खाली मान. राघू जांभळा झाला, चोच काळी झाली. नवरीचे केस लालभडक झाले. पहिल्या अर्ध्या तासात बायकांना हसू आवरेना. नंतर एकेकीला घरची कामे आठवू लागली. मी मात्र अध्यक्ष या नात्याने शेवटपर्यंत बसले. सर्वात शेवटी तिने लाल समजून बाराच्या जागेवरची सुई उचलली, नवरीच्या कपाळावर अंगठ्याने जागा शोधली आणि कुंकू भरले. काळे.

मग पट माझ्यापुढे धरून तिने विचारले, "पाह्यना ताई, आपली मैत्रेयी साजरी दिसून राहिली का?" मी "फारच साजरी" असे उत्तर दिले. ते चित्रणात स्पष्ट ऐकू येते.

६. येथे माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली, ती प्रामाणिकपणे नमूद करते. पुरावा तयार करण्याच्या नादात, नवरी ही माझीच मुलगी आणि कुंकू हे तिचेच, हा विचार माझ्या मनात आला नाही. सहा वर्षे एकच गोष्ट डोक्यात ठेवली की दुसऱ्या गोष्टीला जागा उरत नाही. आईच्या हातून मुलीच्या लग्नाआधी तिचे कुंकू काळे व्हावे, याला काय म्हणायचे ते मंडळातल्या बायका माझ्या माघारी म्हणतच आहेत.

७. साडेपाचला मैत्रेयी शकुला न्यायला आली. पट पाहिला, मग उशी पाहिली. तिचे गणित चांगले आहे. मला एवढेच म्हणाली, "आई, काहून केलं तू हे?" मी नियम सांगितले. तिने पट गुंडाळला, शकुचा हात धरला आणि निघून गेली. वाटेत तिने सगळे सांगितले असावे, कारण त्या दिवसापासून शकु मंडळात आलेली नाही आणि तिने सुई हातात धरलेली नाही, असे कळते. म्हणजे ती काम करत नाही हेही आता सिद्ध झाले आहे. याची नोंद घ्यावी.

८. आता तातडीचा भाग. आपल्याकडे रुखवतात प्रत्येक वस्तूपुढे ती कोणी केली याची चिठ्ठी लावतात, हे आपणांस ठाऊक आहे. मैत्रेयीने तो पट रुखवताच्या ऐन मध्यावर लावायचे ठरवले आहे. चिठ्ठीही तयार आहे. मी ती तिच्या टेबलावर पाहिली. "भरतकाम: शकुमावशी. रंग: आईचे." वरपक्ष नागपूरचा असून त्यांच्याकडील बायका रुखवतातले एकेक अक्षर वाचतात. नंतर त्या विचारणार, आणि मैत्रेयी सांगणार. ती काही लपवत नाही. हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला नाही.

९. मी प्रयत्न केले नाहीत असे नाही. मागच्या मंगळवारी दुपारी ती क्लासला गेल्यावर मी कपाट उघडून पट काढला आणि निदान ते कुंकू उसवावे म्हणून खिडकीपाशी बसले. महोदय, आपण हे काम जाणता. उसवायला धाग्याचे टोक लागते. समोरून पाहिले, मागून पाहिले. दोन्हीकडे सारखेच. गाठ नाही, टोक नाही. मागे जंगल असते तर वाट तरी सापडली असती. कात्री लावावी तर कापड फाटेल, आणि मैत्रेयीने बजावून ठेवले आहे की फाटला तर फाटका लावीन. दोन तासांनी मी तो होता तसा घडी घालून ठेवला.

१०. जबलपुरात हे काम उसवू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. नाइलाजाने काल सकाळी ऑटोने गढ्याला गेले, पट पिशवीत घेऊन. शकु ओट्यावर बसली होती. आवाजावरून ओळखले. माझ्यासाठी पाट सरकवला, चहा टाकायला उठू लागली, मी नको म्हटले. मी काही बोलण्याआधीच तिने कनवटीच्या पिशवीतून ओळखपत्र काढून माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "हे पाहिजे होतं नं तुम्हाले? मागितलं असतं तं तसंच दिलं असतं, ताई." मी ते घेतले. घ्यायला नको होते, असे मला परतीच्या वाटेवर वाटले. परंतु तोवर ऑटो नेपियर टाउनला पोहोचला होता.

मग मी पट तिच्या मांडीवर ठेवला आणि कुंकवाचे सांगितले. तिचा अंगठा सरळ त्याच जागी गेला. बराच वेळ तो तिथेच होता. रागावेल, रडेल, निदान एखादा शब्द टाकून बोलेल, अशी माझी तयारी होती. ती शांतपणे म्हणाली, "टाके हात घालतात, ताई. उसवायले डोळे लागतात. तुम्हाले तं आहेत."

११. तरी विनंती की विषयातील पहिली मागणी आता विचारात घेतली नाही तरी चालेल. कार्ड मजकडे आले आहे आणि त्याचे काय करावे हे मला समजत नाही. ज्येष्ठ कारागिराचे नाव कोणाचेही पाठवावे. मात्र तो पट पुन्हा माझ्या घरच्या कपाटात आहे, तो दि. २२ नोव्हेंबरच्या आत कार्यालयाने जप्त करावा. ते नियमात बसत नसेल, तर डोळे चांगले असलेला एखादा कर्मचारी एका दुपारपुरता माझ्या घरी पाठवावा. मी त्याच्याजवळ बसेन. मला फक्त टोक कुठे आहे ते दाखवावे, पुढचे मी करीन.

आपली घाईत असलेली,
सौ. सुहासिनी आनंद पांढरीपांडे
अध्यक्ष, महिला कशिदा मंडळ, नेपियर टाउन, जबलपूर

दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत:
(१) अर्जाची हिंदी प्रत. परिच्छेद ६ भाषांतरित केलेला नाही.
(२) दि. ९ ऑक्टोबरचे मोबाईल चित्रण. शेवटचे एक मिनिट न पाहिल्यास बरे.
(३) श्रीमती शकुंतला बोरकुटे यांचे मूळ ओळखपत्र. फोटोत त्या सरळ कॅमेऱ्याकडे पाहत आहेत.
(४) लग्नाची पत्रिका. आपण सहकुटुंब यावे, परंतु रुखवत पाहू नये.