पाटावरच्या चपला

६ फेब्रुवारी १९९६, वडखळजवळ

आज चपला सोडल्या! रोह्याच्या मठात पंखा, फ्रिज, दारात जीप — आणि आम्ही म्हणे गरिबीचं व्रत घेतलेले संन्यासी! म्हणून इथे मिठागराच्या बांधावर झोपडी घेतली. मठाचे प्रमुख, मोठे फादर म्हणाले, "रेमंड, महिनाभर तसा राहून दाखव. मी येऊन बघेन. पटलं तर आणखी दोघांना पाठवीन. नाहीतर मुकाट परत यायचं."

७ फेब्रुवारी

तळवे सोलले! शेजारच्या कान्हूच्या टाचेला मोठी भेग, त्यात दिवसभर खारं पाणी. माझ्या चपला त्याला देऊन टाकल्या.

१५ फेब्रुवारी

कान्हू अजून अनवाणीच! घरी जाऊन बघतो तर माझ्या चपला देवांशेजारी पाटावर, हळदकुंकू लावून! त्याची बायको धोंडुबाई म्हणते, "साधूच्या पादुका हायत त्या, फादरबाबा." मी खूप ओरडलो. देवाशिवाय कोणाला हात जोडू नका म्हटलं. पण खोटं कशाला लिहू — आतून गुदगुल्या झाल्या.

२१ फेब्रुवारी, राखेचा बुधवार, आमचा उपवासकाळ सुरू

कान्हूची जखम चिघळली. पेणच्या डॉक्टरांनी दम दिला — चपला घाल, नाहीतर पाय जाईल. कान्हू ऐकेल तर शपथ! "तुमी अनवाणी फिरनार नि मी तुमच्या चपला घालू? नाय जमायचा."

५ मार्च

जिवाला चैन नाही. मी चपला घातल्या तर तोही घालेल. पण शुक्रवारी मोठे फादर यायचेत, पहिली नजर माझ्या पायांवरच! तीन दिवस थांबलो तर?

पाय माझा नाही, कान्हूचा आहे, म्हणून सुचतंय हे. लाज वाटते रे देवा!

६ मार्च

वडखळ नाक्यावरून रबरी चपला आणल्या. सगळ्यांदेखत घालून बांधावर फिरलो. धोंडुबाईने तोंड फिरवलं — "ह्ये तर आमच्यासारकंच निघालं!" संध्याकाळी कान्हूच्या पायात पाटावरच्या चपला.

८ मार्च

मोठे फादर आले. माझे पाय बघून हसले. "झाली का सुधारणा?" कान्हूचं सगळं सांगितलं. ते उठून त्याच्या घरी गेले, बराच वेळ बसले. मी बांधावर येरझाऱ्या घालतोय! शेवटी जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "दोघांना पाठवतो." नाचायचाच बाकी होतो!

९ मार्च

काल मोठे फादर अनवाणीच गेले म्हणे! आनंदात मी पाहिलंच नाही. त्यांच्या चपला धोंडुबाईच्या पाटावर आहेत, हळदकुंकू लावून.

आणि मला हेवा वाटला!